शिडाचा कासरा : लहान प्रवासी नौकेवरील मेनशीट आणि सुरक्षितता

बंगळूर शहरातील कोरमंगला भागात, जेथे हे पान लिहिले जात आहे, तेथून समुद्र कोणत्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसलेले. तरीही शिडाच्या नौकेवरील एका मोठ्या धोक्याची कल्पना येथील घरात बसून करता येते. आषाढात पश्चिमेचा वारा सुटला की घराचे उघडे दार आधी मंदपणे हलते. क्षणभर ते जागच्या जागी थांबल्यासारखे वाटते, आणि वाऱ्याची बाजू बदलताच धाडकन चौकटीवर आदळते. दाराच्या कडेवर लहान मुलाचा हात असेल तर काय होते, हे कोणत्याही आईला सांगावे लागत नाही. म्हणून आपण दाराला आकडा लावतो.

शिडाच्या नौकेवरही असेच एक दार असते. डोलकाठी ही त्याची चौकट. डोलकाठीच्या खालच्या भागाला बिजागरीने जोडलेली एक आडवी काठी मागच्या बाजूला आलेली असते. तिला बूम म्हणतात. मुख्य शिडाची खालची कड या बूमला लावलेली असते. वारा ज्या बाजूने येईल त्याच्या विरुद्ध बाजूला शीड आणि बूम झुकतात. त्यांना हव्या त्या कोनात धरून ठेवणारी जी दोरी, ती मेनशीट होय. नावावरून मराठी वाचकाचा गोंधळ होण्याचा संभव आहे. पण शीट म्हणजे शीड नव्हे, कापडही नव्हे. शीट म्हणजे दोरी. बैलाला कासरा तशी शिडाला शीट. दोघांचा पहिला नियमही एकच आहे : दोर हातात धरावा, हाताला गुंडाळू नये.

या दोरीकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. नौका वाऱ्याच्या रोखाने, म्हणजे वारा समोरून तिरपा घेत जात असेल, तेव्हा ही दोरी क्षणार्धात सुटली पाहिजे. उलट वारा पाठीमागून येत असेल, तेव्हा बूम अचानक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून ती अडली पाहिजे. मेनशीटची जोडणी करताना होणाऱ्या बहुतेक चुका या दोहोंपैकी एकीचा विसर पडल्यामुळे होतात. म्हणून आपण दोन्ही प्रसंग वेगवेगळे पाहू.

वाऱ्याचा भार किती असतो?

प्रथम भाराचा अंदाज घेऊ. आठ मीटर लांबीच्या प्रवासी नौकेचे मुख्य शीड सुमारे पंधरा चौरस मीटरचे आहे असे मानू. वारा दहा नॉट, म्हणजे ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर त्या शिडावर ढोबळ मानाने पंचवीस किलोग्रॅमचा दाब येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट, म्हणजे वीस नॉट झाला, तर दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. तो शंभर किलोग्रॅमच्या घरात जातो. तीस नॉटला तो सव्वादोनशेच्या आसपास पोहोचतो. शिडाचा आकार आणि कोन यांनुसार हे आकडे कमीजास्त होतील. पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात दाब वाढतो हा नियम बदलत नाही. सकाळी एका हाताने खेचलेली दोरी दुपारी दोन्ही हातांना आवरत नाही, याचे कारण हेच आहे. सूर्य वर आला आणि वारा 'थोडासा' वाढला, असे नवशिक्याला वाटते. दोरीला मात्र ते थोडेसे नसते.

हा भार माणसाच्या हाताला पेलावा म्हणून कप्प्यांची योजना असते. विहिरीवरची एकच स्थिर कप्पी ओढण्याची दिशा बदलते, श्रम कमी करीत नाही. पण बूमवर एक आणि नौकेवर एक अशा कप्प्यांच्या जोडीतून दोरी फिरवून बूम आणि नौका यांच्यामध्ये दोरीचे चार पदर तयार केले, तर शंभर किलोग्रॅमचा भार ओढण्यास पंचवीस किलोग्रॅमचे बळ पुरते. प्रत्यक्षात कप्प्यांच्या घर्षणामुळे ते तिसाच्या आसपास लागते. निसर्ग ही सवलत फुकट देत नाही. बूम एक मीटर आत आणण्यासाठी चार मीटर दोरी ओढावी लागते, आणि बूम एक मीटर बाहेर जाण्यासाठी चार मीटर दोरी कप्प्यांमधून वाहून जावी लागते.

येथेच पहिली चूक होते. बूम साडेतीन मीटर लांब असून मेनशीट तिच्या टोकाला बांधलेली असेल, तर बूम पूर्ण बाहेर जाऊ देण्यासाठी चार पदरांची मिळून अठरा मीटर दोरी लागते; हाताशी राहणारे टोक धरून वीस मीटर. काटकसर म्हणून पंधरा मीटरची दोरी लावली, तर धक्क्यावर सारे ठीक दिसते. समुद्रात जोराचा झोत येतो, दोरी सोडली जाते, आणि तिच्या टोकाची गाठ कप्पीत अडकून बूम अर्ध्यावरच थांबते. शिडातील वारा पुरता सांडत नाही आणि नौका कलतच जाते. नवी दोरी घालण्यापूर्वी धक्क्यावर, वारा नसताना, बूम हाताने पूर्ण बाहेर ढकलून मोजमाप करावे. टोकाला इंग्रजी आठच्या आकड्याची गाठ मात्र असावीच, नाही तर सुटलेली दोरी सगळ्या कप्प्यांतून निघून जाते आणि बूम कोणाच्याच ताब्यात राहत नाही.

दोरीचा धागाही विचारपूर्वक निवडावा लागतो. नायलॉनची दोरी ताणली जाते. हा गुण नांगराच्या दोरीला उपकारक आहे, कारण तेथे झटके शोषले जावे लागतात. मेनशीटला तोच गुण अपायकारक आहे. तेथे कमी ताणली जाणारी पॉलिएस्टरची दोरी योग्य. तिची जाडी केवळ ताकदीवरून ठरवू नये. आठ मिलिमीटरची दोरी पुरेशी बळकट असली तरी ओल्या तळहाताला ती कापते. दहा किंवा बारा मिलिमीटरची दोरी मुठीत नीट बसते. आणि ज्या दोरीला धरताना हात दुखतो, ती दोरी माणूस कोठे तरी बांधून टाकतो.

दोरी सुटली पाहिजे

बांधून टाकलेली मेनशीट हा पहिला मोठा धोका आहे. वारा समोरून तिरपा घेत असताना झोत आला की नौका एका अंगावर कलते. अशा वेळी मेनशीट सैल केली की बूम बाहेर जाते, शीड फडफडू लागते आणि नौका सरळ होते. हे सारे दोन-तीन सेकंदांचे काम आहे. मात्र दोरी खुंटीला गाठ मारून बांधलेली असेल, तर भाराखाली ती गाठ आवळत जाते आणि नेमक्या हव्या त्या क्षणी सुटत नाही.

म्हणून मेनशीटसाठी बहुधा दोन दातेरी जबड्यांची पकड वापरतात. दोरी खाली दाबली की जबडे तिला धरतात, आणि वर उचलली की सोडतात. ही पकड कोणत्या कोनात बसवली आहे, याला फार महत्त्व आहे. सुकाणूवर बसलेल्या माणसाला जागेवरून न उठता, एका हाताने, दोरीवर पूर्ण भार असताना ती सोडवता आली पाहिजे. पकड फार खाली किंवा फार दूर असेल, तर दोरी वर उचलली जात नाही, केवळ अधिक जोराने ओढली जाते. धक्क्यावरची परीक्षा येथे अपुरी पडते, कारण तेथे भार नसतो. बऱ्यापैकी वाऱ्यात, मोकळ्या पाण्यात, नौकेवरील प्रत्येकाने आळीपाळीने ही दोरी सोडून पाहावी. ज्याला ती सोडवता येत नाही, त्याच्या हाती सुकाणू देऊ नये.

मेनशीट बूमच्या कोणत्या बिंदूला जोडली आहे, यावरही भार अवलंबून असतो. बूमच्या टोकाशी, म्हणजे डोलकाठीपासून सुमारे साडेतीन मीटरवर ती जोडली, तर तरफेचा पूर्ण लाभ मिळतो. बूमच्या मध्यावर जोडली, तर तेच शीड आवरण्यास दुप्पट ताण लागतो. केबिनच्या छतावर, डोलकाठीच्या आणखी जवळ जोडली, तर तो तिपटीच्या घरात जातो. म्हणून तेथे बहुधा विंच लागते. बूम मध्यावर धरलेली असेल तर ती वाकण्याचा, प्रसंगी मोडण्याचा संभवही वाढतो.

मग सर्वांनीच टोकाची जोडणी का स्वीकारू नये? कारण टोकाला जोडलेल्या दोरीचे पदर नौका पलटताना माणसांच्या बसण्याच्या खोलगट चौकावरून फिरतात. चौकात बसलेल्याच्या मानेला किंवा दंडाला त्यांचा विळखा पडू शकतो. छतावरच्या जोडणीत चौक मोकळा राहतो, लहान मुले आणि पाहुणे निर्धास्त बसतात. पण दोरी सुकाणूवरच्या माणसाच्या हाताबाहेर जाते आणि एकट्याने नौका चालवणाऱ्याची अडचण होते. मध्यावरची जोडणी हाताशी असते, पण चौकाचे दोन भाग करते; शिवाय तिच्या बुडाशी जी आडवी सरकपट्टी असते, तिच्यावरून सरकणारा गाडा बोटे चिरडू शकतो. सर्वांगी निर्दोष अशी जोडणी नाही. कोणती पत्करली म्हणजे कोठे बसू नये, हे नौकेच्या मालकाला ठाऊक असावे आणि नौकेवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला त्याने ते आधी सांगावे.

बूम अडली पाहिजे

आता दुसरा प्रसंग पाहू. वारा पाठीमागून येत आहे. बूम एका बाजूला पूर्ण बाहेर गेली आहे. नौका सरळ उभी आहे, कलत नाही. वाराही मंद वाटतो, कारण आपण त्याच्याच दिशेने चाललो आहोत. प्रवासातील हा सर्वांत सुखाचा भाग वाटतो, आणि सर्वांत घातकही हाच असतो. सुकाणू थोडे चुकले, लाटेने नौकेची शेपटी फिरवली किंवा वाऱ्यानेच बाजू बदलली, की वारा शिडाच्या मागच्या बाजूला शिरतो. मग बूम एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फेकली जाते. यालाच अपघाती जाइब म्हणतात. साडेतीन मीटर लांबीच्या बूमचे टोक या फेऱ्यात नऊ-दहा मीटरचा कंस तोडते, आणि तेही एक-दोन सेकंदांत. तिच्या वाटेत डोके असेल तर काय होईल, हे दाराच्या उदाहरणावरून समजेल.

मेनशीट सोडून देण्याचा उपाय येथे चालत नाही, कारण ती आधीच सोडलेली असते. येथे सुरक्षिततेचे तीन थर हवेत.

पहिला थर सुकाणूवरच्या माणसाच्या सावधपणाचा. वारा नेमका पाठीमागून घेण्याऐवजी पंधरा-वीस अंश एका बाजूला ठेवावा. अंतर थोडे वाढते, पण फरक पडण्यास वाव राहतो. धोक्याच्या खुणा ओळखाव्यात : वारा मानेच्या दुसऱ्या बाजूला लागू लागतो, पुढचे लहान शीड सैल पडून दुसऱ्या बाजूला जाऊ पाहते, बूमचे टोक वर उचलले जाते. यांपैकी एकही खूण दिसताच सुकाणू असे वळवावे की नौकेचे तोंड बूमच्या विरुद्ध बाजूकडे, म्हणजे वारा ज्या अंगाने येत आहे त्या अंगाकडे जाईल.

दुसरा थर अटकाव-दोरीचा. ही दोरी बूमच्या टोकापासून नौकेच्या पुढच्या भागातील कप्पीतून फिरवून परत चौकात आणावी. बूमच्या मध्याला बांधून ती जवळच्या कठड्याला अडकवण्याची रीत सोपी असली तरी घातक आहे; ताण अवघड कोनातून येतो आणि बूम मध्यावर मोडू शकते. चौकातून सोडता येईल अशीच ती असावी. नौका हेलकावून बूमचे टोक पाण्यात बुडाले, तर पुढे धावत जाऊन गाठ सोडण्यास अवधी नसतो.

तिसरा थर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक विसरला जाणारा आहे. अटकाव-दोरी बांधली आहे असे समजून बूमच्या टापूत उभे राहू नये. २०१५ साली जगप्रदक्षिणेच्या क्लिपर शर्यतीत पोर्तुगालच्या पश्चिमेस एका नौकेवर असेच घडले. वारा पाठीमागे असताना अपघाती जाइब झाली, अटकाव-दोरीच्या जोडणीने दगा दिला, आणि मेनशीटच्या टापूत असलेल्या खलाशाला प्राणघातक मार बसला. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेने या प्रकरणाची चौकशी केली. ती नौका मोठी होती, तिच्यावर शिकवलेली माणसे होती आणि अटकाव-दोरीही लावलेली होती. एक थर फाटला तर दुसरा असावा, एवढाच त्यातील बोध आहे.

अनुभव हा चौथा थर नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. फ्रान्सचे ख्यातनाम दर्यावर्दी एरिक ताबार्ली यांनी आयुष्य महासागरावर घालवले होते. १९९८च्या जून महिन्यात, रात्रीच्या वेळी, आपल्या 'पेन द्यूक' या जुन्या नौकेवर शिडाचे काम करीत असताना एका काठीचा धक्का लागून ते समुद्रात पडले आणि बुडाले. त्यांना मारणारी काठी बूम नव्हती, शिडाच्या वरच्या अंगाची होती. पण वाऱ्याच्या ताब्यात गेलेली काठी माणसाचे नाव विचारीत नाही, हे सत्य दोन्हींना लागू आहे.

हेतुपूर्वक नौका पलटवायची असेल, तेव्हाचा क्रम सोपा आहे. सर्वांना मोठ्याने सूचना द्यावी आणि सर्वांनी डोकी खाली केल्याची खात्री करावी. अटकाव-दोरी सोडावी. मेनशीट ओढून बूम जवळजवळ मध्यावर आणावी. मग सावकाश वळावे. बूमला आता दहा मीटरऐवजी हात-दोन हातांचाच फेरा उरतो. ती पलटताच मेनशीट झटपट सोडावी, नाही तर नौका नव्या बाजूला कलते. वारा फार असेल, तर हा खटाटोप न करता तोंड वाऱ्याकडे फिरवून लांबचा वळसा घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

आपल्या किनाऱ्यावरचा अनुभव

कोकणच्या पारंपरिक गलबतांवर हा प्रश्न या स्वरूपात नव्हता. त्यांचे तिरकस शीड वरच्या लांब काठीला टांगलेले असे. खाली बूम नसे. वारा पाठीशी घेऊन पलटताना ती अवजड काठी डोलकाठीपुढून दुसऱ्या बाजूला न्यावी लागे, आणि त्यासाठी बरीच माणसे आणि बराच वेळ लागे. आधुनिक नौकेने ते श्रम वाचवले. जे काम दहा माणसे जपून करीत, ते आता वारा एकटा करतो. सावधगिरी मात्र माणसालाच आणावी लागते.

लहान नौका सुजाण हातांत किती दूर जाऊ शकते, याची साक्षही आपल्याच किनाऱ्याने दिली आहे. अवघ्या बत्तीस फुटांची 'सुहेली' ही दोन डोलकाठ्यांची नौका १९६०च्या दशकात मुंबईत, सागवानी लाकडात, येथील सुतारांनी बांधली. १४ जून १९६८ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यावरून एकटे निघाले आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. असे करणारे ते पहिले. वाटेत आपोआप सुकाणू धरणारे यंत्र निकामी झाले, तेव्हा शिडांचा तोल साधून त्यांनी नौका मार्गावर ठेवली. शिडांचा तोल साधणे म्हणजे शेवटी शीटा किती ओढायच्या आणि किती सोडायच्या, हे ओळखणेच होय. पुढे भारतीय लष्कराच्या अभियंता दलाने 'तृष्णा' या सुमारे ३७ फुटी नौकेतून १९८५ ते १९८७ या काळात जगप्रदक्षिणा केली. नंतर गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा पूर्ण करून तसे करणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळवला.

आणि या कथेचा एक धागा पुन्हा बंगळुरात येतो. कोरमंगलाच्या उत्तरेस काही किलोमीटरवर उलसूर तलाव आहे. त्याच्या काठी लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपचे ठाणे असून तलावावर लहान शिडाच्या नौका चालवण्याचे शिक्षण दिले जाते. समुद्र नाही म्हणून हे पाणी सोपे आहे, असे मानू नये. चहूबाजूंनी झाडे आणि इमारती असलेल्या तलावावर वारा अखंड वाहत नाही. तो तुकड्यातुकड्यांनी येतो आणि घडोघडी दिशा बदलतो. म्हणजे अपघाती जाइबचा संभव अशा पाण्यावर उलट अधिक. लहान नौकेची बूम हलकी असते आणि पडणारा माणूस पाण्यात पडतो, एवढीच काय ती सवलत. तीही तरंगजाकीट अंगात असेल तरच.

शिडाची नौका कोठेही शिकवली जावो, पहिल्याच दिवशी नवशिक्याला सांगतात की गडबडलास तर दोरी सोड. वारा समोरून असेल तर हा उपदेश पुरेसा आहे. वारा पाठीशी आला की त्यात एक वाक्य जोडावे लागते : डोके खाली ठेव आणि बूमच्या वाटेत बसू नकोस. धक्का सोडण्यापूर्वी पाच गोष्टी हाताने तपासाव्यात. दोरीची लांबी पूर्ण आहे का? ती कोठे घासून विरली तर नाही? कप्प्यांच्या शॅकलच्या खिळी घट्ट असून सैल होऊ नयेत म्हणून तारेने बांधल्या आहेत का? पकड भाराखाली सुटते का? अटकाव-दोरी चौकातून मोकळी करता येते का? या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. घराच्या दाराला आकडा लावण्यास तर एक क्षण पुरतो. आणि तो वारा सुटण्यापूर्वीच लावावा लागतो.